पाणथळावरचा वसंत आणि आपला कविसमय

वसंताविषयी मराठीत लिहावयाचे म्हटले की लेखणी आपोआप चालू लागते. आम्रमोहोर, कोकिळकूजन, पळसाची फुले, दक्षिणेचा वारा ही सामग्री हाताशी तयारच असते. ती मांडण्यासाठी खिडकीबाहेर पाहण्याचीही गरज पडत नाही. आम्ही स्वतः गेली कित्येक वर्षे वर्गात वसंत असाच शिकवीत आलो आहोत. प्रस्तुत लेख त्या सवयीविषयी आहे, आणि ज्या एका सकाळी ती सवय आमची आम्हांलाच खटकली त्या सकाळीविषयीही आहे.

आमचा पक्षिनिरीक्षकांचा एक लहानसा गट आहे. त्यात मराठी शिकविणारे काही जण, एम.ए.चे पाच-सहा विद्यार्थी आणि निवृत्तीनंतर दुर्बीण घेतलेले दोघे-तिघे आहेत. यंदा मार्चच्या मध्यावर, पाडवा तोंडावर आलेला असताना, आम्ही नांदूर मध्यमेश्वरला जाण्याचे ठरविले. बेत असा, की सकाळी पक्षी पाहावेत आणि उन्हे चढल्यावर काठावरच्या झाडाखाली बसून वसंताच्या कविता वाचाव्यात. निवडक कवितांच्या छायाप्रतीही काढल्या होत्या. साहित्याच्या माणसांना सहलीलाही कागद लागतोच.

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ हे अभयारण्य आहे. १९८६ मध्ये ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. २०१९ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून त्याची निवड झाली आणि २०२० च्या जानेवारीत ती जाहीर करण्यात आली. महाराष्ट्रातील ही पहिली रामसर जागा. डॉ. सालीम अली यांनी याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे सर्वत्र सांगितले जाते. एवढी ख्याती ऐकून गेलेल्या माणसाची अपेक्षा काय असणार? पाण्यावर पक्ष्यांची गर्दी, आकाशात थवे, आणि या सर्वांवर वसंताची सोनेरी सकाळ. आमची अपेक्षा याहून वेगळी नव्हती.

निफाडमार्गे चापडगावला पोहोचलो तेव्हा नुकते उजाडले होते. वाटेत द्राक्षबागांतून तोडणीची लगबग चालू होती. निरीक्षण मनोऱ्यावर चढून दुर्बिणी लावल्या आणि पाहतो तो समोर पाणी बरेचसे रिकामे. मोकळे पाणी, पाणवनस्पतींचे पट्टे, चिखलाची बेटे, आणि त्यांवर इथे-तिथे विखुरलेले पक्षी. जांभळ्या पाणकोंबड्या होत्या, शेकाटे होते, हळदीकुंकू बदकांची जोडपी होती. पण ज्यांच्यासाठी लोक लांबून येतात ते पक्षी मोजकेच. पट्टकादंब एकही नाही. थापट्या आणि तलवार बदके थोडी. चक्रवाकांची एकच जोडी, तीही पलीकडच्या काठाला.

आमच्याबरोबर गावातला एक तरुण मार्गदर्शक होता. आमच्या चेहऱ्यांवरची निराशा त्याने ओळखली असावी. तो म्हणाला, "सर, उशीर केला तुम्ही. डिसेंबर-जानेवारीत यायचं होतं. तुमचा वसंत लागतो ना, तेव्हा आमचा सीझन संपतो."

वाक्य साधे होते, बोलणाऱ्याला त्यात काही विशेष वाटले नसावे. आमच्या हातातल्या छायाप्रती मात्र एकदम जड झाल्या.

कारण त्याने सांगितले ते अक्षरशः खरे आहे. उत्तरेकडून स्थलांतर करणारी बदके, हंस, क्रौंच आणि चिखलपक्षी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून आपल्याकडे येतात, थंडी येथे काढतात आणि फेब्रुवारी-मार्चपासून परतीची वाट धरतात. म्हणजे पंचांगात चैत्र लागतो तेव्हा पाणथळ जागा ओस पडू लागलेली असते. हळूहळू पाणीही आटते. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा दारणा आणि गंगापूर धरणांतून आलेले पाणी कालव्यांत वळवतो, त्यामुळे आवर्तन सुटले की पाण्याची पातळी बदलते. चिखल उघडा पडतो, पुन्हा झाकला जातो. आपल्या काव्यपरंपरेत वसंत हा आगमनाचा, मीलनाचा, बहराचा ऋतू आहे. तळ्यावर तो निरोपाचा ऋतू आहे. शृंगाराची भाषा वापरायची तर झाडांवर संयोग आणि पाण्यावर विप्रलंभ, तोही एकाच महिन्यात, एकाच गावाच्या शिवारात.

मग प्रश्न असा पडतो, की हा दुसरा वसंत आपल्या साहित्यात आम्हांला का भेटत नाही? पक्षी तर शतकानुशतके येत-जात आहेत.

याचे उत्तर शोधताना राजशेखराकडे जाणे भाग आहे. नवव्या-दहाव्या शतकांच्या संधिकालातील या काव्यशास्त्रज्ञाने आपल्या 'काव्यमीमांसे'त कविसमयांचे सविस्तर विवेचन केले आहे. जे शास्त्राला धरून नाही, लोकव्यवहारातही दिसत नाही, पण कवी परंपरेने ज्याचे वर्णन करीत आले आहेत, तो कविसमय. त्याचे तीन प्रकार विद्यार्थ्यांना पाठ असतात. नसलेल्या गोष्टीचे वर्णन करावे: उदाहरणार्थ नद्यांतून कमळे आणि पाणी दिसेल तेथे हंस. असलेल्या गोष्टीचे वर्णन करू नये: उदाहरणार्थ वसंतातील मालती. आणि अनेक ठिकाणी आढळणारी गोष्ट एकाच ठिकाणी बांधून टाकावी: कोकिळ ग्रीष्मातही कूजन करतो, पण वर्णन वसंतातच करावयाचे, मोर इतर वेळीही ओरडतो, पण काव्यात त्याने वर्षाऋतूतच ओरडावे व नाचावे. चक्रवाकांच्या जोडप्याने रात्री दोन वेगळ्या काठांवर राहून विरह भोगावा, हाही यांतलाच संकेत.

आपल्या वसंतवर्णनांना हे कोष्टक लावून पाहावे. कोकिळ वसंतात बांधलेला आहे, तो नियम. गाणारा पक्षी नर असूनही काव्यात मादी गाते, हे नसलेल्याचे वर्णन. आणि तळ्यावरून उडून जाणारे हजारो पक्षी, हे असलेल्याचे अवर्णन. पहिल्या दोहोंची चर्चा आपण वर्गात हौसेने करतो. कोकिळा गात नाही, कोकिळ गातो, हे सांगून विद्यार्थ्यांना चकित करणे ही तर आता जुनी युक्ती झाली. तिसऱ्याची चर्चा मात्र होत नाही. ते साहजिकही आहे. जे लिहिलेच गेले नाही ते अभ्यासक्रमात कोठून येणार?

मनोऱ्यावरच याविषयी वाद झाला. गटातील एक ज्येष्ठ प्राध्यापिका म्हणाल्या, "कविता म्हणजे पक्षिशास्त्राची वही नव्हे. कालिदासाला दुर्बीण देऊन त्याच्या चुका काढणार आहात का?" आक्षेप हलका नाही. कवितेतला हंस नीरक्षीरविवेक करतो म्हणून त्याची चोच प्रयोगशाळेत तपासणे हा अरसिकपणा होय, याविषयी आमच्या मनात शंका नाही. कविसमय हे खोटे नव्हे. ती कवी आणि रसिक यांच्यातील देवाणघेवाणीची नाणी आहेत. नाण्यावरचा चेहरा हुबेहूब नाही म्हणून कोणी नाणे नाकारीत नाही.

पण राजशेखराचे विवेचन येथे थांबत नाही, आणि आपण शिकविताना नेमके तेवढेच गाळतो. कविसमय मुळात आले कोठून, याचेही उत्तर त्याने दिले आहे. प्राचीन विद्वानांनी शास्त्रांचे अध्ययन केले, देशांतरे व द्वीपांतरे हिंडून पाहिली, जे आढळले त्याची रचना केली. पुढे देश आणि काळ बदलल्यामुळे त्या गोष्टी तशा दिसेनाशा झाल्या. तरीही त्या तशाच वर्णिल्या जातात, तो कविसमय. या म्हणण्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. राजशेखराच्या मते संकेताच्या मुळाशी कल्पना नाही, पाहणे आहे. कोणीतरी, केव्हातरी, कोठेतरी उभे राहून डोळ्यांनी पाहिले. आपल्यापर्यंत आले ते त्याच्या पाहण्याचे गोठलेले रूप.

चक्रवाकांचेच उदाहरण घेऊ. हे पक्षी जोडीने राहतात, पुष्कळदा रात्री चरतात आणि घोगऱ्या, घुमणाऱ्या आवाजात साद घालतात. अंधारात एक आवाज या काठाने आणि दुसरा त्या काठाने ऐकणाऱ्या माणसाला विरहाची कल्पना सुचली असेल, तर ती खोलीत बसून सुचलेली नसावी असे आम्हांस वाटते. कोणीतरी नदीकाठी रात्र काढली असली पाहिजे. मेघदूतातील राजहंसांचेही तसेच. ते कमळाच्या देठांची शिदोरी घेऊन मेघाबरोबर कैलासाकडे, मानसाकडे निघतात. राजहंस म्हणजे नेमका कोणता पक्षी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. के. एन. दवे यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात संस्कृत साहित्यातील पक्ष्यांचा या दृष्टीने मोठा धांडोळा घेतला आहे. पण क्षणभर तो पट्टकादंब मानला तर काय दिसते? पट्टकादंब लडाख, तिबेट आणि मंगोलियातील सरोवरांवर वीण घालतो. हिमालय ओलांडताना त्याच्या ७००० मीटरांहून अधिक उंचीच्या नोंदी झाल्या आहेत. म्हणजे कवीने दाखविलेली दिशा अचूक आहे. फक्त आषाढ उजाडतो तेव्हा हा पक्षी आपल्या तळ्यांवरून केव्हाच गेलेला असतो. दिशा पाहण्यातून आली आणि महिना संकेतातून आला, असे म्हणावे का? आम्ही निर्णय देत नाही. पण हा प्रश्न तरी ज्याने मार्चमधले रिकामे तळे पाहिले आहे त्यालाच पडू शकतो.

तेव्हा आमचे म्हणणे असे, की परंपरेशी प्रामाणिक राहण्याचे दोन मार्ग आहेत. एक, पूर्वजांनी जे पाहिले ते पुन्हा पुन्हा लिहिणे. दुसरा, पूर्वजांनी जसे पाहिले तसे आपणही पाहणे. मराठी वर्गात आपण पहिला मार्ग पुरता रुळवला आणि त्यालाच परंपरा असे नाव दिले.

कविसमय जुन्या काळाबरोबर संपले, असेही कोणी समजू नये. ते रोज नव्याने घडत असतात. दर हिवाळ्यात वृत्तपत्रांतून 'सायबेरियाचे पाहुणे दाखल' अशा मथळ्याच्या बातम्या येतात. काही बदके व चिखलपक्षी सायबेरियातून येतात हे खरेच. पण या मथळ्याखाली पट्टकादंबही येतो आणि रोहितही येतो. मुंबई-ठाण्याच्या खाडीवर दिसणारे रोहित मुख्यतः कच्छकडून येतात. पाणी दिसेल तेथे हंस, तसा पक्षी दिसेल तेथे सायबेरिया. राजशेखर आज असता तर त्याने हे उदाहरण आनंदाने पहिल्या प्रकारात घातले असते.

आणि 'पाहुणे' या शब्दाचे काय? जो पक्षी ऑक्टोबरमध्ये येतो आणि मार्चमध्ये जातो, तो वर्षातले पाच-सहा महिने येथे काढतो. परप्रांतात नोकरी करणारा माणूसही घरी इतका राहत नाही. तरी आपण त्याला पाहुणा म्हणतो. पाहुण्याचे आपण स्वागत करतो, कौतुक करतो, फोटो काढतो. पण घराच्या मांडणीविषयी पाहुण्याला विचारीत नाही. पाणी केव्हा सोडावे, गवत केव्हा कापावे, काठ कोठवर नांगरावा, या चर्चेत त्याला जागा नसते. एका शब्दाने एवढे होते का, असे कोणी विचारील. साहित्याच्या माणसाने तरी हे विचारू नये. शब्दाने काय होते हे सांगण्यासाठीच आपल्याला वेतन मिळते.

'अस्पर्श निसर्ग' हा आणखी एक संकेत. मनोऱ्यावरून दिसणारे ते सारे दृश्य एका बंधाऱ्याने घडविलेले आहे. १९०७ ते १९११ या काळात सिंचनासाठी हा बंधारा बांधला गेला. मागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती माजल्या, बेटे तयार झाली आणि पक्ष्यांचे बस्तान बसले. अभियंत्याच्या हिशेबात जो गाळ तोटा, तोच पाणपक्ष्यांच्या हिशेबात जमीन. भोवती ऊस, कांदा, द्राक्षे, कोळ्यांची जाळी, पाण्यावर उतरलेली गुरे. निसर्गकविता शिकविताना आपण माणसाला चौकटीबाहेर उभे करतो. येथे माणूस चौकटीतच उभा आहे, आणि चौकट अर्धी त्यानेच बनविली आहे.

याउलट लोकभाषेचे पाहावे. त्या सकाळी आमच्या मार्गदर्शकाने काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा ठसठशीत पट्टा असलेला एक पाणपक्षी दाखवून नाव सांगितले: वारकरी. एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने दुर्बीण खाली न घेता विचारले, "मॅडम, हे नाव कोणी ठेवलं असेल?" कोणी ठेवले ते कोणालाच ठाऊक नाही. पण ज्याने ठेवले त्याने कपाळावरचा टिळा पाहिला होता, आणि पाण्यावर घोळक्याने चाललेली काळी दिंडीही पाहिली असावी. चोचीवर लाल ठिपके आणि टोकाला पिवळा रंग असलेले बदक हळदीकुंकू. पाण्याच्या काठाशी शेपटी वरखाली आपटणारा तो परीट. चपट्या चोचीचा तो चमचा. या नावांत दुर्बोध असे काही नाही, पाहिलेले सारे आहे. आपली लिखित परंपरा हंस-चकोरांत रमली असताना बोलणाऱ्या मराठीने तळ्याकाठी उभे राहून आपले काम चोख केले होते.

या दोन परंपरांना एकत्र आणणारा लेखक आपल्याकडे झाला नाही असे नाही. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीत रानोमाळ हिंडत, आदिवासींकडून ऐकत, संस्कृत ग्रंथ वाचत लेखन केले. 'पक्षिकोश' ही त्याच साधनेची फलश्रुती. २००६ च्या सोलापूर येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ च्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना आपण आदर दिला, पण स्वीकारले का? अभ्यासक्रमात त्यांचा एखादा लेख 'ललित गद्य' या रकान्यात येतो, त्यावर पाच गुणांचा प्रश्न येतो, आणि शेजारच्या पानावरच्या कवितेतील पक्ष्याशी त्या लेखाचा काही संबंध असू शकतो हे कोणी सुचवीत नाही. चितमपल्लींचा कोश निसर्गप्रेमींच्या कपाटात असतो. तो मराठी विभागाच्या टेबलावर, शब्दकोशाच्या शेजारी असावयास हवा.

याने काय साधेल, असा प्रश्न उरतोच. आम्ही कवींना काही सांगत नाही. कवीने वसंतात कोकिळेला गाऊ द्यावे की न द्यावे, हा त्याचा प्रश्न. आम्ही बोलतो ते शिकविणाऱ्यांशी आणि शिकणाऱ्यांशी. संकेत हा संकेत म्हणून ओळखता यावा, एवढी किमान पात्रता साहित्याच्या अभ्यासकाकडे हवी. ज्याने वस्तू पाहिलेली नाही त्याला संकेत आणि निरीक्षण यांतला फरक कळत नाही. त्याला सारेच 'निसर्गाचे रमणीय वर्णन' वाटते आणि उत्तरपत्रिकेत तो तसेच लिहितो. आम्ही त्याला त्यासाठी गुणही देतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्या गोष्टीला भाषेत जागा असते तिचे नसणेही भाषेला कळते. उद्या कोकिळ ओरडला नाही तर मराठी माणसाला तत्काळ चुकल्यासारखे होईल, कारण त्याच्या वसंतात कोकिळाची जागा राखलेली आहे. ती रिकामी दिसेल. पण एखाद्या वर्षी तळ्यावर हंस आलेच नाहीत आणि म्हणून मार्चमध्ये गेलेही नाहीत, तर आपल्या भाषेला ते कसे कळणार? ज्या निरोपाची नोंद नाही, त्याची उणीव कोणाला भासणार? सरकारी गणनेचे आकडे असतील, अहवाल असतील. पण एखादी गोष्ट हरवली याचे दुःख आकड्यांतून होत नाही. ते होण्यासाठी आधी ती गोष्ट भाषेत असावी लागते. साहित्याची जबाबदारी म्हणतात ती बहुधा हीच.

उन्हे चढल्यावर आम्ही खाली उतरलो आणि ठरल्याप्रमाणे कवितावाचन केले. छायाप्रती फेकून दिल्या नाहीत. उलट प्रत्येक कवितेनंतर एकच प्रश्न विचारला: यातले कवीने काय पाहिले असेल आणि काय ऐकून घेतले असेल? वर्षभराच्या तासिकांत झाली नसेल इतकी चर्चा त्या दोन तासांत झाली. ज्येष्ठ प्राध्यापिकांनी शेवटपर्यंत आपला आक्षेप मागे घेतला नाही. पण परत निघताना त्यांनीच पुन्हा एकदा दुर्बीण मागून घेतली आणि पलीकडच्या काठावरची चक्रवाकांची जोडी बराच वेळ पाहिली. भर दुपारी ती दोघे एकाच काठावर होती, हे त्यांनी आवर्जून नमूद केले.

पुढील वर्षासाठी आम्ही एक साधी प्रथा ठरविली आहे. एकदा नोव्हेंबरात जायचे आणि एकदा मार्चमध्ये. कोण आले, कोण गेले, याची तारखेसह नोंद मराठीत ठेवायची, आणि निसर्गकविता शिकविण्याच्या आधी ती वही वर्गात वाचायची. वाचकांपैकी जे शिकवितात त्यांनी आपापल्या गावच्या तळ्यावर हे करून पाहावे. त्यासाठी रामसर जागाच हवी असे नाही, पाझर तलावही चालेल. असो. पाडवा होऊन गेला आहे. कोकिळ पहाटेपासून ओरडतो आहे आणि तो ऐकताना, खरे सांगायचे तर, आम्हांला पलीकडच्या काठावरची ती जोडी अजून तेथे असेल का, एवढेच वाटत राहते.